दंडावरची सुई, मानेवरचा व्रण

माझ्या मानेवर, उजव्या कानाखाली, दोन बोटं रुंदीचा व्रण आहे. कडेने ओढलेला, मधे जांभळट. पार्लरवाली त्याबद्दल विचारते, बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते, लग्नकार्यात तर रांगच लागते. "भाजलं का गं?" "ऑपरेशन झालं का?" मी सांगते, "टीबी झाला होता. गाठ फुटली." मग समोरची बाई पदर सावरते आणि जरा मागे सरकते. सरकू दे. त्याचं मला आता काही वाटत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा व्रण टाळता आला असता. एक सुई तिच्या जागेवर दिली असती तरी पुरे होतं.

ती जागा कोणी ठरवली आणि कशी, हे सांगायला मी लिहायला बसले आहे. आजारातून उठल्यावर लोक देवाचे आभार मानतात. मी मानेन, पण आधी माझी तक्रार आहे.

गाठ

आम्ही मूळचे वाशीम जिल्ह्यातले, पण मी वाढले हडपसरला. बाबा कंपनीत लेथ मशीनवर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.कॉम. केलं, हडपसरलाच नोकरी लागली, मग गणेशशी लग्न होऊन वारज्याला आले. सासरचे लोक इथले जुने गाववाले. जिथे शेतं होती तिथे आता इमारती आहेत, आणि त्यातली एक आमची. खाली दुकानांचे गाळे, वर आम्ही. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे.

लग्नानंतर वर्ष उलटलं आणि मला रोज संध्याकाळी कणकण यायला लागली. भूक गेली. कुर्ते ढगळ व्हायला लागले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, कुठलं डाएट करतेस आम्हालाही सांग. मग एक दिवस केस विंचरताना कानाखाली गाठ लागली. सुपारीएवढी, न दुखणारी. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला, तो संपल्यावर दुसरा दिला. गाठ आपली जागच्या जागी. शेवटी ते आवाज खाली करून म्हणाले, "टीबीचं एकदा बघून घेऊ. छातीचा फोटो काढा, आणि हातावर सुईची टेस्ट करा. ती बघून मग गाठीतलं पाणी तपासायचं ठरवू."

दवाखान्याबाहेर गणेशने गाडीची किल्ली फिरवायच्या आधी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "लग्नघर आहे, कुणाला सांगायला नको." मला कसं वाटतंय हे त्याने वारज्याचा पूल ओलांडल्यावर विचारलं. तो वाईट माणूस नाही. पण क्रम लक्षात राहतो.

लग्न होतं माझ्या नणंदेचं, प्राजक्ताचं. पंधरवड्यावर आलेलं.

खालची लॅब

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही टेस्ट अगदी साधी असते. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्यामधे, कातडीच्या वरच्याच थरात थेंबभर औषध सोडतात. पेनाने भोवती गोल काढतात. दोन-तीन दिवसांनी तिथे टणक फुगवटा आला आहे का, ते बघून मोजतात. तोवर त्या जागेवर घासायचं नाही, खाजवायचं नाही, काहीही लावायचं नाही. संपलं.

आमच्याच एका गाळ्यात कदम म्हणून एकांची लॅब आहे. गणेश म्हणाला, घरचीच आहे, बाहेर कशाला जायचं. घरची लॅब म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही खाली उतरलो तर मागोमाग आत्याही उतरल्या. एकाच इमारतीत राहिल्यावर लपणार काय आणि कुणापासून.

कदमांनी माझा डावा हात टेबलावर घेतला आणि म्हणाले, "वहिनी, बांगड्या तेवढ्या काढा."

"हितं देनार?" आत्यांनी विचारलं.

"हो काकू, इथेच देतात."

"आन् पेनाचा गोल काढत्यात म्हनं."

"काढावा लागतो. दोन-तीन दिवस राहतो. पुसायचा नाही."

आत्यांनी बोटांवर काहीतरी हिशोब केला. "परवा चुडा भरायचा हाय. कासार हिचा हात धरनार समद्यांसमोर. पाव्हन्यांकडच्या बायका येनार हायेत. तुमी असं करा, वर द्या, दंडाला. पोलक्याच्या बाहीत झाकून जाईल."

"दंडावर नाही देत काकू. मग मोजायला..."

"सुई ती सुई. बारक्या पोरान्ला नाय का दंडाला देत?"

मी म्हणाले, "आत्या, ती सुई वेगळी. ही हातावरच द्यावी लागते."

"तू शिकलेली हायस म्हनून तर सांगते. शिकलेल्या मानसानं समजून घ्यायचं असतं."

हे वाक्य मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची पाटी करून दारावर लावावी. शिकलेलं माणूस म्हणजे ज्याने सगळ्यांना समजून घ्यायचं आणि ज्याचं कोणी ऐकायचं नाही. आई-बाबांनी मला शिकवलं ते यासाठी नव्हे.

मी गणेशकडे बघितलं. तो भिंतीवरचा तपासण्यांचा तक्ता वाचत होता. म्हणाला, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

कदमांनी माझ्याकडे बघितलं, मग आत्यांकडे, मग सुईकडे. त्यांच्या गाळ्याचा करार संपत आला होता आणि नवा मामांच्या सहीसाठी अडला होता, हे मला पुढे कळलं. डाव्या दंडावर लहानपणीच्या लसीचा वण होता, म्हणून त्यांनी उजवा दंड निवडला. तेवढी शिस्त मात्र पाळली. आणि सुई दंडावर गेली. कुणाला काही वाटलं नाही. प्लगची जागा बदलावी तशी माझ्या तपासणीची जागा बदलली.

चुडा

चुड्याच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कासार सतरंजीवर बसला होता, भोवती हिरव्या बांगड्यांचे ढीग. भावकीतल्या बायका ओळीने बसलेल्या, समोर प्राजक्ताच्या सासरच्या दोघी, अंगावर पैठण्या आणि चेहऱ्यावर परीक्षकाचे भाव. माझ्या नव्या ब्लाउजची बाही शिवणाऱ्याने अंगाबरोबर घट्ट बसवली होती. तिच्या आत ती जागा सकाळपासून टरटरत होती. फुगवटा येत होता, मला तो कापडातून हाताला लागत होता. म्हणजे टेस्ट तिचं काम करत होती. आपणच करू देत नव्हतो.

मी एकदा बाहीवरून हात फिरवला आणि आत्यांच्या बहिणीने, शिवणे गावच्या मावशींनी, नेमकं बघितलं.

"काय गं, काय झालं दंडाला?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "कपाटाला धडाकली."

"मग मुका मार हाय तो. चल आत."

मावशी मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बाही वर सरकवली. "अगं बया, चांगलंच सुजलंय की." त्यांनी पळीत हळद-चुना कालवून गरम करायला ठेवला. मी म्हणाले, "मावशी, त्याला काही लावायचं नाहीये."

"हळदीनं कुनाचं वाईट झालंय का आजवर?"

दारात आत्या उभ्या होत्या. बाहेर पाहुणेमंडळी. आत्यांनी नुसती मान हलवली, बोलू नकोस या अर्थाने. मावशींनी तो गरम लेप पेनाच्या गोलासकट सगळ्या फुगवट्यावर थापला. त्या बाईने मायेनेच केलं, हे मी नाकारत नाही. पण त्या मायेला खोट्या निदानावर कामाला लावलं होतं. कपाटाला मी धडकलेच नव्हते.

मग बाहेर येऊन मी हात पुढे केला. ज्या हातासाठी हा सगळा खटाटोप, तो हात कासाराने धरला, दाबला, चुडा भरला आणि सोडला. सगळा वेळ त्याच्या कानाला फोन होता, पुढच्या घराचा पत्ता विचारत होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. त्या पैठणीवाल्या दोघी हारातल्या मण्यांबद्दल बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी कदम वर आले, हातात प्लास्टिकची पट्टी. दंडाची कातडी पिवळीधमक, कडेने चुन्याने भाजून लाल. गोल कुठे गेला पत्ता नाही. त्यांनी बोटाने दाबलं, परत दाबलं. "हे टेस्टने उठलंय की चुन्याने, कसं सांगायचं?"

"चुन्यानंच," आत्या म्हणाल्या. "माझ्या भनीला बी उठतं."

"हं. चुन्याचंच दिसतंय मग," कदम म्हणाले. आणि खाली जाऊन तसा रिपोर्ट दिला. टीबी नाही. गणेशने त्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, छातीच्या फोटोचा रिपोर्टही पाठवला, तो स्वच्छच होता. डॉक्टरांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. टेस्ट कुठे दिली, त्यावर काय लावलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी त्या संभाषणात नव्हतेच. माझ्या शरीराबद्दलचा निर्णय दोन पुरुषांच्या फोनमधे एका अंगठ्यावर झाला.

घरात सगळे मोकळे झाले. आत्या भेटेल त्याला सांगत होत्या, "सुई मारून बगितली. काय बी न्हाय."

लग्नात मी हसले, वाढलं, फोटो काढले. गाठ दागिन्यांच्या आड बसली होती. हळदीच्या दिवशी मला ताप होता. सगळ्यांना वाटलं, सून किती लाजते, गाल बघा कसे लाल झालेत.

फुटली

लग्नानंतर महिना गेला असेल. गाठ लिंबाएवढी झाली होती, वरची कातडी पातळ आणि चकचकीत. "टेस्ट नॉर्मल आहे ना," हे उत्तर प्रत्येक वेळी तयार. एके सकाळी हडपसरच्या बसमध्ये मला खांद्यावर ओलं लागलं. आधी वाटलं खिडकीतून पाणी आलं. ओढणी हातात घेतली तर पिवळट डाग आणि वास. मी ऑफिसचा स्टॉप आला तरी उतरले नाही. पुढे जाऊन आईकडे उतरले.

आईने दार उघडलं, ओढणी बाजूला केली, मान बघितली. सगळं ऐकून घेतलं. दंड, चुडा, चुना.

"कायले लपवलं वं माय?" ती म्हणाली. "चोरी केली होती का?"

बाबांनी पायात चपला घातल्या. खाली जाऊन रिक्षा घेऊन आले. त्यांच्या कंपनीतल्या एकाने फोनवर शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं, तिकडे आम्ही गेलो. जिना अरुंद, बाई वयस्कर, आवाज कोरडा. त्यांनी जखम पाहिली, जुने कागद पाहिले.

"ही टेस्ट कुठे दिली होती?"

"दंडावर."

"का?"

"नणंदेचं लग्न होतं."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "मग गाठ नणंदेला यायला हवी होती."

बाबांना हसावं की रडावं कळेना. मी चुन्याचंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "वा. म्हणजे लग्नघरात सगळ्यांनी हातभार लावला. फक्त तुमच्या हाताला कोणी काम दिलं नाही." मग आवाज जरा बदलून म्हणाल्या, "दंडावरचा आकडा मी धरत नाही. आणि चुना लावलेल्याचा तर नाहीच. तेव्हाच नीट बघितलं असतं तर गाठ फुटायच्या आधी औषध सुरू झालं असतं. आता मानेवर खूण राहील. ते मी तुम्हाला आजच सांगते, नंतर रडू नका."

मी तिथेच रडले. मोठ्याने. आजाराच्या भीतीने नव्हे. भीती होतीच, मरणाचीसुद्धा होती, आमच्याकडे वाशीमला या आजाराचं नाव अजून कुजबुजत घेतात. पण ते रडू संतापाचं होतं. तीन दिवस झाकली जाईल अशी खूण नको म्हणून आयुष्यभर न झाकणारी खूण मला मिळाली होती. हा सौदा कुणी केला? माझ्या वतीने? मला न विचारता?

जखमेतला पू तपासायला गेला. त्याचा निकाल यायला वेळ होता, तोवर सुईची टेस्ट नीट करून घेऊ म्हणाल्या. नर्सने विचारलं, "कुठे देऊ? उजवा की डावा?"

या सगळ्या प्रकरणात, कुठे देऊ, हे मला पहिल्यांदा विचारलं गेलं. मी डाव्या हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि हात टेबलावर ठेवला. तिने गोल काढला. निळा, ठळक, वाटीच्या बुडाएवढा.

निळा गोल

तो गोल घेऊन मी अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात ऑफिसला गेले. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "हे काय नवीन, टॅटू?" मी म्हणाले, "टीबीची टेस्ट." त्याने खुर्ची जरा लांब घेतली. घे बाबा, चाकं आहेतच तिला.

त्याच संध्याकाळी वारज्याला प्राजक्ता माहेरी आली होती, सोबत तिची सासू. मी चहाचा ट्रे पुढे केला आणि त्यांची नजर हातावर गेली. आत्या घाईने म्हणाल्या, "काय नाय, ते कपाटाला..."

"टीबीची टेस्ट आहे," मी म्हणाले. "मानेची गाठ त्याचीच असावी असं डॉक्टर म्हणतात. लग्नाच्या वेळीही होती."

आत्यांनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. प्राजक्ताच्या सासूने माझा हात हातात घेऊन तो गोल निरखला. मग म्हणाल्या, "आमच्या धाकट्या दिरांना झाला होता की. दोन वर्षं झाली. आता ठणठणीत आहेत. हातावरच देतात ही."

प्राजक्ता सासूला म्हणाली, "आई, तुम्ही हे लग्नाच्या वेळी बोलला नाहीत."

"लग्नात कोण सांगतं बाई असलं? तुमच्याकडून मोडलं असतं तर?"

मला हसू आलं. खरंच आलं. दोन घरं एकमेकांपासून एकच आजार लपवत होती आणि मधल्या मधे मान माझी फुटली. आत्या त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, की चहात साखर कमी पडली.

गोलाच्या आत टणक फुगवटा आला, कुणाला शंका राहू नये इतका. पुवानेही तेच सांगितलं.

औषध

उपचारांबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. सहा महिने गोळ्या. सरकारी दवाखान्यातून मिळाल्या. सुरुवातीला लघवी केशरी होते, घाबरू नका. मळमळ होते, सांधे धरतात, तोंडाची चव जाते आणि कधी कधी सकाळी गोळ्यांकडे बघूनच उलटी येते. तरी घ्यायच्या. मला बरं वाटायला लागल्यावर सोडायचा मोह झाला होता. आईने फोनवर एवढंच विचारलं, "अर्धी भाकर कच्ची ठेवून तवा उतरवतो का आपण?"

गाठीचा टीबी, छाती स्वच्छ असेल तर, दुसऱ्याला होत नाही. बाईंनी हे गणेशला समोर बसवून सांगितलं. तरी घरात माझा पेला वेगळा निघाला. मी तो घासून सगळ्या पेल्यांमध्ये ठेवायची, सकाळी तो परत खिडकीत. मी परत ठेवायची. हे कित्येक दिवस चाललं. एक दिवस प्राजक्ता आली, तिने खिडकीतला पेला घेतला, त्यात माठातलं पाणी घेतलं आणि आत्यांसमोर उभं राहून प्यायली. त्यानंतर तो पेला खिडकीत दिसला नाही.

गणेश रोज माझी पट्टी बदलायचा. वाकडी लावायचा, पण रोज लावायचा. मी त्याला माफ केलं का, असं मला लोक विचारतात. पट्टी करून घेतली, एवढं सांगते.

परत खालची लॅब

माझं औषध संपून काही महिने झाल्यावरची गोष्ट. चुलतसासूंची धाकटी सून, पूजा, नवीन लग्न झालेली. तिचा एक डोळा सारखा लाल होत होता; टीबी डोळ्यातही होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला हीच टेस्ट सांगितली. कदमांच्या लॅबमधून आत्यांचा वर फोन आला, "खाली ये."

मी गेले. पूजा खुर्चीवर अंग चोरून बसली होती. चुलतसासू कदमांना सांगत होत्या, "वर देता येत आसंल तर बगा. रविवारी जागरन-गोंधळ हाय, समदी भावकी येनार."

कदम माझ्याकडे बघेनात.

आत्या उठल्या. पूजाचा डावा हात त्यांनी स्वतः टेबलावर ठेवला आणि तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढायला लागल्या. चुलतसासू म्हणाल्या, "अवो, नव्या नवरीच्या..."

"आसू दे," आत्या म्हणाल्या. बांगड्या त्यांनी आपल्या पदरात घेतल्या. मग माझ्याकडे न बघता, हाताने माझ्या मानेकडे दाखवलं. "वर दिली की हितं येतं. कदम, हातावर द्या. दिसंल अशी द्या."

कदमांनी सुई दिली, गोल काढला. पूजाचे डोळे भरले होते. आत्या तिच्यावर वाकल्या.

"दुखलं का गं?"

मी दारात उभी राहून ते ऐकलं. मला त्या खुर्चीत हे कोणी विचारलं नव्हतं. आत्यांनीही नाही, गणेशनेही नाही. आत्या बदलल्या म्हणून मी आनंदाने डोळे पुसले असं लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. मला राग आला, आणि पूजासाठी बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

मी पुढे गेले, ओढणी मानेवरून काढून हातात घेतली आणि तिला म्हणाले, "पूजा, या गोलाला काहीही लावू द्यायचं नाही. हळद नाही, चुना नाही, कुणाची माया नाही. आणि रविवारी अर्ध्या बाह्यांचं घाल. कोणी विचारलं तर सांग काय आहे ते. ऐकलं नाही तर मला बोलाव, मी मान घेऊन येते."